पावण्याचा दुभाषी

मी आजवर रशिया पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आशा लावून बसायला नको. मी ती पुष्कळ लावली होती आणि तिचं काय झालं तेच इथे लिहितो आहे.

सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात संध्याकाळी रशियन भाषेचा वर्ग भरायचा. पहिल्या वर्षी प्रमाणपत्र, मग पदविका, मग उच्च पदविका असा तो विद्यापीठमान्य अभ्यासक्रम होता. दिवसा त्या खोलीत प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल चालायचं. त्यामुळे बरण्यांतल्या बेडकांच्या साक्षीने आणि फॉर्मॅलिनच्या वासात आम्ही रशियन शिकलो. अजूनही एखादं रशियन वाक्य मनात आलं की नाकाला तो वास जाणवतो.

सुरुवातीला वर्गात बरीच गर्दी होती. एका साखर कारखान्यातले केमिस्ट होते, त्यांना बिटाच्या साखरेवरचे रशियन लेख वाचायचे होते. गणिताचे एक प्राध्यापक होते. एक वकील होते, ते कशासाठी येतात हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. रशियनमध्ये सहा विभक्त्या आहेत हे समजल्यावर वकील यायचे थांबले. आपल्या मराठीतल्या आठ विभक्त्या त्यांनी बहुधा झोपेत पाठ केल्या असाव्यात. उच्च पदविकेच्या वर्षी वर्गात मी एकटा उरलो. मी आणि सर समोरासमोर बसायचो आणि सर सवयीने खडूने फळ्यावर लिहायचे.

मी मुरगूडचा. शहरात शिकायला म्हणून कसबा बावड्यात एक खोली घेऊन राहत होतो. रशियनचा नाद मला शाळेतच लागला होता. त्या काळी आमच्याकडे रशियाची ओळख म्हणजे वह्यांना घालायची कव्हरं. रशियाची गुळगुळीत कागदाची मासिकं मिळायची आणि जून महिन्यात सगळ्या गावाच्या वह्या त्यांत गुंडाळल्या जायच्या. मजकूर मराठीत असायचा, पण चित्रांतल्या दुकानांवर आणि कारखान्यांवर त्यांच्या लिपीतल्या पाट्या असायच्या. गुरुजी फळ्यावर गणित मांडायचे आणि मी कव्हरावरची पाटी बघत बसायचो. यात काय लिहिलं असेल या विचाराने मी पुरता येडा झालो होतो.

गावात लोक विचारायचे, "कम्युनिष्ट झालासा काय वो?" खोलीच्या मालकीणबाई विचारायच्या, "तिकडं पोरी लई गोऱ्या असत्यात म्हणं?" मला या दोन्हींशी काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त त्या पाट्या वाचायच्या होत्या, त्या रस्त्यांवर उभं राहून.

सरांनी मला दार दाखवलं. ते स्वतः एक वर्ष मॉस्कोत शिकून आले होते. त्यांनी सांगितलं की मॉस्कोच्या विद्यापीठात पाच वर्षांची शिष्यवृत्ती मिळते. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांचंच. भाषा, साहित्य, इतिहास, काय हवं ते शिका. परत आलं की दिल्लीत अनुवादकाचं काम आहे, मोठ्या विद्यापीठांत रशियनचे विभाग निघताहेत, पोलादाच्या कारखान्यांत रशियन इंजिनिअर आहेत, त्यांना दुभाषे लागतात. "मात्र वयाची अट आहे," सर म्हणाले, "आणि तुला हे वर्ष शेवटचं आहे."

ते वाक्य माझ्या छातीवर धोंड्यासारखं बसलं. कारण दुसरीकडे माझ्यासाठी काहीच नव्हतं. बी. ए. ला मी जेमतेम पास झालो होतो. मामांनी एका सोसायटीत कारकुनाची जागा बघून ठेवली होती आणि दर आठवड्याला ते निरोप धाडत होते. मी आज येतो, उद्या येतो करत होतो. मला त्या टेबलाची भीती वाटायची. एकदा तिथे बसलो की उठणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझे वडील गुळव्या होते. म्हणजे गुऱ्हाळावर उसाच्या रसाचा पाक कधी झाला हे ठरवून काहील उतरवायला सांगणारा माणूस. सुगीत ते घरी क्वचितच असायचे. मॉस्कोचं त्यांना सांगितलं तेव्हा ते गुऱ्हाळावर चुलाणाशी बसले होते. त्यांनी विचारलं, "तितं ऊस हाय का?"

"न्हाय. तिकडं बिटाची साखर करत्यात."

"आणि गूळ?"

"गूळ न्हाय."

"मग जगत्यात कसं?" ते म्हणाले. मग काहिलीत डोकावून म्हणाले, "जा. मामाचं मी बघतो."

मला वाटतं, त्यांना मॉस्को म्हणजे मुंबईच्या पलीकडचं एखादं स्टेशन वाटत असावं. पण त्यांनी जा म्हटलं होतं. तो शब्द एकदाच निघाला आणि मग घरात त्यावर कुणी बोललं नाही.

त्या हिवाळ्यात बातमी आली की मॉस्कोहून एक प्राध्यापक येत आहेत. ते पुण्या-मुंबईत आणि आमच्याकडे उमेदवारांशी बोलणार आणि त्यांनी पसंत केलेलं नाव पुढे जाणार. कोल्हापुरात ते सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते. दुपारी कॉलेजात मुलाखत. कोल्हापुरातून एकच नाव गेलं होतं, माझं. सर म्हणाले, "अर्धा तास बोल त्यांच्याशी. बास. तुझं रशियन ऐकलं की ते बाकी काही विचारणार नाहीत." सर उगाच कौतुक करणारे नव्हते, त्यामुळे मला हत्तीचं बळ आलं.

आणि आदल्या आठवड्यात सरांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. दुभाष्याचं काम ते करणार होते, कारण पाहुण्यांना इंग्रजी येत नव्हतं. आता शहरात रशियन बोलू शकणारा उरलो मी.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. भला माणूस, अर्थशास्त्र शिकवायचे, आणि नियमाला कमालीचे पक्के. म्हणाले, "दुपारपर्यंत तू दुभाषी. मुलाखतीला बसलास की उमेदवार. पण तोपर्यंत तूच उमेदवार आहेस हे पाहुण्यांना अजिबात कळता कामा नये. सकाळपासून त्यांच्या मागेपुढे करून ओळख वाढवली असं दिसेल. वशिल्याचा वास येईल. हातचं जाईल."

मला ते पटलं. आमच्याकडे कुणालाही पटलं असतं. नोकरीला, बदलीला, पोराच्या प्रवेशाला वशिला लावणारे आम्ही लोक, पण जिथे तो नको तिथे त्याच्या वासालाही भितो.

सरांनी अंथरुणावरूनच मला दुभाष्याचं काम समजावलं. "समोरचा म्हणाला, मी शेतकरी आहे, तर तूही म्हणायचं, मी शेतकरी आहे. 'हे म्हणतात की' असलं काही मध्ये घालायचं नाही. तू तिथे नाहीसच असं समज." मी तसा सराव केला. बेडकांच्या बरण्यांसमोर एकटाच उभा राहून मी संध्याकाळभर वेगवेगळी माणसं झालो.

पाहुणे सकाळी उतरले. उंच, वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे, अगदी साधे गृहस्थ. मी त्यांना रशियनमध्ये नमस्कार केला तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथेच रडू येईल असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी रशियन माणसाशी रशियन बोललो होतो आणि त्याला ते कळलं होतं. मनात म्हटलं, झालं, दुपारी हा माणूस मला घेऊन जातो.

मग कोल्हापूर आडवं आलं.

स्टेशनवर फक्त प्राचार्य आणि मी असणार होतो. पण एका साखर कारखान्याचे चेअरमन कॉलेजच्या मंडळावर होते. त्यांना सुगावा लागला होता. ते दोन जीपगाड्या, फेटे बांधणारा माणूस आणि हलगीवाले घेऊन हजर होते. "रशियातनं पावणा येतोय आणि कॉलेजात चा-बिस्किट खाऊन जाणार? आमची काय अब्रू हाय का न्हाय?" असं त्यांनी प्राचार्यांना सुनावलं. पाहुण्यांच्या डोक्याला फेटा बसला, हलगी कडकडली आणि आम्ही मिसळ खायला निघालो.

त्या दिवसाचा मला आजही राग येतो. शिव्या द्याव्यात तर कुणाला? सगळे प्रेमानेच वागत होते. मिसळीनंतर कारखाना. तिथे ऊस टाकायच्या गव्हाणीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत सगळं दाखवून झालं, मग संचालकांची भाषणं. मी बोलत होतो: मी या कारखान्याचा संचालक आहे. मी तीन खेपा पडलो आणि चौथ्यांदा निवडून आलो. मी तुम्हाला आमच्या तालुक्यातर्फे नमस्कार करतो. प्रत्येक जण उठला की मी तो होत होतो. आणि प्रत्येकाचं कुणीतरी रशियाला जाण्याजोगं होतं. "माझा भाचा लई हुशार हाय, त्याला न्या म्हणावं." "माझ्या धाकट्याला तिकडं डॉक्टरकी शिकवा की." मी ते सगळं इमानाने रशियनमध्ये सांगत होतो. पाहुणे हसून म्हणायचे, "जरूर, आधी त्यांना रशियन शिकू द्या." मीही ते इमानाने मराठीत सांगायचो. लोक खूश व्हायचे.

कारखान्यातून निघालो ते तालमीत. पैलवानांनी बदाम घोटून थंडाई केली होती. पाहुण्यांनी घड्याळ बघून मला हळूच विचारलं, "आपल्याला कॉलेजात जायचं होतं ना?" मी चेअरमनना विचारलं. ते म्हणाले, "वाटंतच हाय की." मी रशियनमध्ये म्हणालो, वाटेतच आहे. मला माहीत होतं की ते वाटेत नाही. ते अगदी उलट्या दिशेला होतं.

मग जेवण. चेअरमनच्या मळ्यात मंडप घातला होता. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरीची चळत. पाहुण्यांच्या ताटात वाढायला स्पर्धा लागली. पहिल्या घोटाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण माणूस हटला नाही. मी त्यांच्या शेजारी उभा. कुणीतरी म्हणालं, "अरं, ह्या पोराला बी वाढा की." वाढलं. मी पहिला घास उचलला आणि चेअरमननी आपल्या आजोबांची गोष्ट सुरू केली. घास हातातच राहिला. दिवसभर मी अन्नाच्या ढिगाशेजारी उपाशी होतो, आणि त्याचं मला काहीच वाटत नव्हतं, कारण माझी मुलाखतीची वेळ निघून चालली होती.

मी प्राचार्यांच्या कानाशी गेलो. "सर, मुलाखत..."

"अरे, जेवणाऱ्या माणसाला पानावरून उठवायचं का? होईल. स्वस्थ रहा." ते स्वतःही तिसऱ्या भाकरीवर होते.

जेवल्यावर पाहुण्यांना डोळे उघडे ठेवता येईनात. त्यांना कारखान्याच्या विश्रामगृहावर नेऊन पलंगावर झोपवलं. चेअरमननी दाराशी खुर्ची टाकली आणि सर्वांना बजावलं, "कुणी आवाज करायचा न्हाय. झोपलेल्या पावण्याला उठवायचं न्हाय."

मी पायरीवर बसलो. दारापलीकडे तो माणूस घोरत होता आणि दाराअलीकडे माझी पाच वर्षं, माझं सगळं पुढचं आयुष्य बसून होतं. चार पावलांवर. आत जावं, त्यांचा खांदा हलवावा, सांगावं की उठा, माझी वेळ संपत आली. तीनदा उठलो. तीनदा चेअरमननी ओठावर बोट ठेवून मला खाली बसवलं, तेही मायेने, पाठीवर हात फिरवत. "दमलास न्हवं? बस बस." मला हंबरडा फोडावासा वाटत होता. उन्हं उतरू लागली, तरी आत घोरणं चालूच होतं.

जाग आली तेव्हा गाडीची वेळ होत आली होती. पाहुणे अपराध्यासारखे उठले. "आणि तो विद्यार्थी? मला त्याला भेटायचं होतं." मी हे प्राचार्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "सांग, स्टेशनवर भेटवतो. आणि तू अजूनही काही बोलू नकोस. मी रीतसर ओळख करून देतो." ते दुसऱ्या जीपमध्ये बसले. मी, पाहुणे आणि चेअरमन पहिल्या जीपमध्ये.

आता मी ठरवलं की रीत गेली खड्ड्यात. चेअरमन नुकतेच काहीतरी सांगून थांबले होते. मी पाहुण्यांकडे वळलो आणि स्वच्छ रशियनमध्ये म्हणालो, "विद्यार्थी मीच आहे."

पाहुणे मोठ्याने हसले. त्यांनी चेअरमनच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "फार सुंदर बोललात! माणूस मरेपर्यंत विद्यार्थीच असतो."

दिवसभर मी ज्याला त्याला 'मी' म्हणत आलो होतो. माझा 'मी' त्यांना आता ऐकूच येत नव्हता. "नाही, मी, मी स्वतः," मी म्हणू लागलो, तेवढ्यात चेअरमननी माझी बाही ओढली. "काय म्हणतंय पावणं? सांग की! माझ्या मांडीवर थाप मारली, ती कशापाय?" मी सांगितलं. ते इतके खूश झाले की त्यांनी आपण शाळा का सोडली ती हकिगत सुरू केली, आणि ती स्टेशन येईपर्यंत संपली नाही. मी ती रशियनमध्ये सांगितली. माझा आवाज घोगरा झाला होता आणि डोळे भरून येत होते. पाहुण्यांना वाटलं, गोष्टच तशी हृदयद्रावक आहे. त्यांनी चेअरमनचा हात हातात घेतला.

स्टेशनवर सकाळपेक्षा दुप्पट माणसं. हार, नारळ, शाली, कोल्हापुरी चपलांचे जोड. प्राचार्यांची जीप मागे कुठेतरी बैलगाड्यांत अडकली होती. गाडी लागलेली होती. पाहुण्यांना डब्याच्या दारात उभं केलं आणि खालून लोक एकेक वस्तू वर देत राहिले. मी खाली, दारालगत. प्रत्येक जण माझ्या कानात काहीतरी ओरडत होता आणि मी ते वर पोचवत होतो. प्राचार्य येतील म्हणून मी मान वळवून वळवून बघत होतो. शिट्टी झाली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत माझे वडील आले. मुरगूडहून एस्टीने आले होते, गुऱ्हाळावरच्याच कपड्यांत, खांद्यावर गोणपाटात बांधलेली गुळाची ढेप. त्यांचा समज असा, की मुलाखत दुपारीच उरकली असणार, आता पाहुण्याचं तोंड गोड करावं. पण माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना सगळं समजलं असावं. त्यांनी ढेप पाहुण्यांच्या पायाशी ठेवली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "पावणं, मी ह्याचा बाप. माझ्या पोराला न्या. लई शिकलाय वो. पाया पडतो तुमच्या."

आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगेन म्हणून.

गाडी हलली. मी आणि वडील दाराबरोबर चालू लागलो. माझ्या तोंडून निघालं ते दिवसभराच्या सवयीनेच निघालं. मी रशियनमध्ये म्हणालो, "मी बाप आहे. माझ्या मुलाला घेऊन जा. तो खूप शिकला आहे. मी तुमच्या पाया पडतो."

पाहुण्यांचे डोळे पाणावले. त्यांनी वाकून माझ्या वडिलांच्या जोडलेल्या हातांना हात लावला. मग दमलेल्या, प्रेमळ आवाजात मला म्हणाले, "या बाबांना सांगा, जरूर. पण मुलाला आधी रशियन शिकू दे."

मी थांबलो. दार पुढे गेलं. वडील वळून माझ्यापाशी आले.

"काय म्हणालं?"

"म्हणाले, पोराला आधी रशियन शिकू दे."

वडिलांचा चेहरा एकदम उजळला. एवढंच ना, अशा आनंदाने ते सुटलेल्या गाडीमागे हात उंचावून ओरडत धावले, "शिकलाय की! वो पावणं, शिकलाय की!" आणि मग मागे वळून मला, अजून उभाच का म्हणून, काकुळतीने म्हणाले, "सांग की रं त्यास्नी. तुला येतंय न्हवं? सांग की."